महामारीचे निदान : २००९ च्या स्वाइन फ्लूचा धडा

भिन्न प्रकृतीच्या मनुष्यांना एकाच वेळी एकच व्याधी का व्हावा, हा चरकसंहितेच्या विमानस्थानातील अग्निवेशाचा प्रश्न. जनपदोद्ध्वंसाच्या विवेचनात आत्रेयांनी वायू, उदक, देश व काल यांच्या विकृतीचा विचार मांडला. २००९ च्या इन्फ्लुएन्झा महामारीचा उगम कसा शोधला गेला, हे या संदर्भात पाहू.

एप्रिल २००९ मध्ये कॅलिफोर्नियातील दोन बालकांत हा विषाणू प्रथम ओळखला गेला. ११ जून रोजी जागतिक आरोग्य संघटनेने महामारी घोषित केली. ३ ऑगस्ट रोजी भारतातील पहिला मृत्यू पुण्यात नोंदला गेला. नावामुळे डुकराच्या मांसाविषयी भीती पसरली; प्रत्यक्षात प्रसार श्वासमार्गाने, माणसाकडून माणसाकडे होत होता.

पहिला पुरावा जनुकांचा. इन्फ्लुएन्झा विषाणूचे जनुकद्रव्य ८ खंडांत विभागलेले असते. एकाच पेशीत दोन विषाणू शिरल्यास या खंडांची अदलाबदल होऊ शकते. नव्या विषाणूचे ६ खंड उत्तर अमेरिकेतील, तर २ खंड युरोप-आशियातील डुकरांच्या विषाणुवंशाचे निघाले. हे मिश्रण कोठे झाले, हे मात्र उमगेना. माणसांतील पहिला उद्रेक मेक्सिकोतील, तर डुकरांतील निकटचे पूर्वज आशियात सापडलेले!

दुसरा पुरावा २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. मेक्सिकोतील डुकरांपासून मिळवलेल्या विषाणूंच्या ५८ संपूर्ण जनुकक्रमांवरून हा विषाणू मध्य-पश्चिम मेक्सिकोतील डुकरांत विकसित झाल्याचे सिद्ध झाले. जिवंत डुकरांच्या दूरदेशीच्या व्यापाराने निरनिराळे वंश तेथे एकत्र आले होते. ज्या प्रदेशाकडे कोणी संशयाने पाहिले नव्हते, तेथेच मूळ निघाले.

षट्क्रियाकालाच्या भाषेत दृष्टांतापुरते बोलायचे, तर कॅलिफोर्नियात दिसली ती व्यक्तावस्था. संचय अन्यत्र, कित्येक वर्षे चालू होता. व्याधी जेथे प्रथम दिसतो तेथेच तो उपजला, असे मानणे रुग्णपरीक्षेत चुकीचे, तसेच महामारीतही.

म्हणून आमचे व्यावसायिक बंधुभगिनींना व औषधविक्रेत्यांना आग्रहाचे सांगणे आहे. महामारीच्या पहिल्या दिवसांत रुग्ण कारण विचारतो, उपायही मागतो. तेव्हा ‘अजून निश्चित झालेले नाही’ असे म्हणण्यात कमीपणा नाही. अनुमानाला प्रमाण म्हणून सांगणे व त्याच्या आधारे हमखास प्रतिबंधक म्हणून औषध विकणे, हा मात्र प्रज्ञापराधच होय. श्वासकष्ट असलेल्या रुग्णास विनाविलंब रुग्णालयात पाठवावे. निदानपरिवर्जन हे चिकित्सेचे पहिले सूत्र. परंतु निदान कळल्यावाचून परिवर्जन कशाचे करावयाचे?