अंगणातलं गांधीलमाश्यांचं पोळं : काढायचं कसं, आणि काढायचं का?



आमच्या हिवरा आश्रमात विवेकानंद जन्मोत्सव जवळ आला की घरोघरी झाडझूड सुरू होते. पाहुणे येणार, मुक्कामाला राहणार, म्हणून अंगण सारवायचं, पडवी मोकळी करायची, वर्षभर न हललेलं सामान हलवायचं. पोळं दिसतं ते नेमकं अशा वेळी. टिनाच्या पत्र्याखाली, जुन्या टायरात, नाहीतर गोवऱ्यांच्या ढिगामागे. आणि दिसलं की लगेच काढायची घाई होते.

अशाच एका घाईचा प्रसंग सांगतो. भर दुपारी एका अंगणात दोघांनी काठीला रॉकेलचं फडकं बांधलं, पेटवलं आणि पोळ्याला लावलं. पोळं अर्धं जळलं. बाहेर गेलेल्या माश्या परत आल्या, आणि दहा पावलांवर कंचे खेळणाऱ्या चौथीतल्या पोराच्या भुवईवर एक, मानेवर दोन असे दंश झाले. खाली पडलेल्या फडक्याने बाजूच्या कुटाराला धग लागली ती वेगळीच. टेंभा धरणाऱ्याला एकही माशी लागली नाही. पोरगं दुसऱ्या दिवशी डोळा बंद करून शाळेत आलं आणि म्हणालं, "सर, म्या तं काईच नोयतं केलं."

खरंच त्यानं काही केलं नव्हतं. म्हणून हा पाठ आधी आपण मोठ्यांनी शिकायचा.

आधी ओळखा

आपण सगळ्यालाच "मोहोळ" म्हणतो, तिथे पहिली चूक होते. मातीचा छोटा गोळा किंवा भिंतीवर मातीच्या नळ्या असतील तर ती कुंभारीण. ती एकटी राहते, अंगावर धावून येत नाही, तिला राहू द्या. संतांनी सांगितलेला कीटक-भृंगी न्याय आठवा : भृंगीचं ध्यान करता करता अळीच भृंगी होते, असा तो दृष्टांत. मुलांना तो जरूर सांगा, पण आत प्रत्यक्ष काय चालतं तेही सांगा. कुंभारीण अळीला नांगी मारून सुन्न करते, घरट्यात कोंबते आणि तिथेच अंडं घालते. अंड्यातून निघालेलं पिल्लू ती अळी खाऊन मोठं होतं. आमच्या वर्गात यावर अर्धा तास चर्चा रंगली!

झाडाच्या उंच फांदीला, पाण्याच्या टाकीला किंवा कड्याला मोठं, उघडं, काळसर लोंबणारं दिसलं तर ते आग्या मोहोळ. त्या मधमाश्या आहेत. मार्च २०२५ मध्ये शिवनेरीवर शिवभक्तांवर हल्ला केला तो मधमाश्यांनीच. त्याला घरच्या माणसाने हात लावू नये. अनुभवी मध काढणाऱ्याला बोलवा, तोवर खाली धूर, फटाके, दगड काही नको.

राहिली गांधीलमाशी. कंबर बारीक, आणि पोळं मेणाचं नसून करड्या कागदासारखं. ती लाकूड चघळून, त्यात लाळ मिसळून हा कागद तयार करते. लहान जातीचं पोळं एका देठावर उलट्या छत्रीसारखं लोंबतं, घरं उघडी दिसतात. या जातींपैकी एकीचा, रोपॅलिडिया मार्जिनाटाचा, बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर यांनी कित्येक वर्षं अभ्यास केला. आपल्या पत्र्याखालची माशी एवढ्या मोठ्या संशोधनाचा विषय आहे हे ऐकून मुलांचे डोळे चमकतात.

मोठी गांधीलमाशी मात्र वेगळं प्रकरण आहे. तिच्या एका जातीच्या काळपट पोटावर रुंद पिवळा पट्टा असतो. ती बहुधा जमिनीतल्या बिळात, झाडाच्या ढोलीत किंवा भिंतीच्या पोकळीत राहते, त्यामुळे पोळं दिसतच नाही, फक्त एका भोकातून माश्यांची ये-जा दिसते. चीनच्या शान्सी प्रांतात २०१३ साली मोठ्या गांधीलमाश्यांच्या दंशाने ४० हून अधिक माणसं दगावली. एकाच वेळी खूप दंश झाले की विषाने मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.

काढायचंच का?

गांधीलमाशी आपल्या पिल्लांना अळ्या भरवते. कपाशी-सोयाबीनच्या आपल्या भागात हे उपकारच म्हणायचे. धुऱ्यावरचं, गोठ्यामागचं, माणसाचा वावर नसलेलं पोळं मी तरी काढा म्हणणार नाही. दाराजवळ, नळाजवळ, संडासच्या वाटेवर, लेकरं खेळतात तिथे असेल, किंवा घरात कुणाला पूर्वी दंशाने दम लागला असेल, तर मात्र काढायलाच हवं.

कसं काढायचं

दिवसा नाही. अंधार पडल्यावर माश्या पोळ्यावर परतलेल्या आणि मंद असतात. तोवर त्या बाजूला दोरी बांधा, लेकरं-जनावरं आत घ्या.

घरच्या घरी काढता येतं ते फक्त लहान, उघडं, हाताच्या तळव्याएवढं, आणि जमिनीवर उभं राहून पोहोचता येईल असं. शिडीवर चढून मुळीच नको, कारण माशी आली की माणूस दचकतो आणि पडतो. जाड, फिक्या रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे, पायात बूट, पँट मोज्यात खोचलेली, डोक्या-तोंडाला उपरणं आणि डोळ्यांना चष्मा. बॅटरी हातात धरू नका, कारण माश्या उजेडाकडे येतात. ती बाजूला कशावर तरी ठेवा, काचेवर लाल कागद लावा. लिटरभर पाण्यात भांडी घासायचं पातळ साबण दोन-तीन चमचे घालून फवारणीच्या पंपाने पोळं चिंब करा. साबणाचं पाणी माशीच्या श्वासछिद्रांत शिरतं. अगदी खाली उभं राहू नका, आणि पळायची वाट आधी मोकळी ठेवा. विजेची तार किंवा मीटर जवळ असेल तर पाणी मारायचंच नाही. सकाळी हालचाल नाही याची खात्री झाल्यावर लांब काठीने पोळं पाडा. विषारी फवारा वापरला असेल तर ते पुरून टाका. अळ्या कोंबड्यांना टाकू नका.

बिळातलं, भिंतीतलं, उंचावरचं किंवा मोठ्या माशीचं पोळं असेल तर कीटक नियंत्रणवाल्यालाच बोलवा. पैसे जातील, जाऊ द्या. बिळात पेट्रोल ओतू नका, त्याने भडका उडतो आणि मातीही नासते. भिंतीतलं भोक सिमेंटने बुजवू नका, कारण माश्या दुसरी वाट काढतात, कधी घरातच.

माशी लागलीच तर

आपण "चावली" म्हणतो, पण ती नांगी मारते. मधमाशीचा काटा कातडीत राहतो, तो नखाने लगेच काढा. गांधीलमाशीचा काटा राहत नाही, म्हणून ती पुन्हा पुन्हा मारू शकते. पोळ्याजवळ माशी चिरडू नका. मोठ्या गांधीलमाशीच्या विषाच्या वासानेच बाकीच्या चवताळतात. तोंड झाकून सरळ पळा आणि बंद खोलीत शिरा.

दंशाची जागा साबणाने धुवा, थंड पाण्याचं फडकं ठेवा. बोटातली अंगठी आधी काढा, नंतर सुजेमुळे निघत नाही. लोखंड घासणं, चुना लावणं, तंबाखू चोळणं हे आपल्याकडे सर्रास चालतं. माझी आजीही लोखंड घासायची, आणि थंड लोखंडाने जरा बरं वाटतही असेल. पण या उपचारांत वेळ जातो, आणि काही लेकरांसाठी तोच वेळ मोलाचा असतो.

कारण एका दंशानेही एखाद्याला जीवघेणी ॲलर्जी होऊ शकते, बहुधा काही मिनिटांत. अंगभर गांधी, ओठ-जीभ सुजणं, आवाज घोगरा होणं, दम लागणं, उलटी, चक्कर, यातलं काही दिसलं की थांबू नका. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने जवळचा दवाखाना गाठा. लेकराला चालवू नका, आडवं ठेवा. दम लागत असेल तर बसतं ठेवा. दवाखान्यात पोहोचताच "माशी लागली आहे आणि अशी लक्षणं आहेत" एवढं आधी सांगा. यावरचं मुख्य औषध म्हणजे ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन, आणि ते लवकर मिळायला हवं. तोंडात किंवा घशात दंश झाला, किंवा लेकराला दहाच्या वर दंश झाले, तर लक्षणं नसली तरी दवाखान्यात न्या. पुढच्या एक-दोन दिवसांत लघवी गडद किंवा कमी झाली तर पुन्हा दाखवा.

शाळेत आम्ही आता महिन्यातून एकदा, मधल्या सुट्टीआधी, मैदानाला एक चक्कर मारतो : पत्रे, खिडक्यांच्या वरच्या चौकटी, टाकी, झाडं. पोळं दिसलं तर मुलांनी दगड मारायचा नाही, बोट दाखवायचं नाही, फक्त येऊन सांगायचं. साबणाच्या पाण्याने काढलेलं एक रिकामं पोळं वाळवून परिसर अभ्यासाच्या तासाला वर्गात ठेवलं आहे. मुलांनी त्याची घरं मोजली, त्रेसष्ट भरली. भुवईवर माशी लागलेल्या त्या पोरानेच पहिल्यांदा ओळखलं की प्रत्येक घराला सहा बाजू आहेत.