आधी बाँजूर, मग काम

अवसरी बुद्रुकसारख्या गावातून फ्रान्सला शिकायला निघालेल्या मुलांना व्हिसा, फी, थंडीचे कपडे यांविषयी सांगणारे पुष्कळ भेटतात. कुणी 'बाँजूर' म्हटलं तर पुढे काय बोलायचं, हे मात्र कुणी सांगत नाही. आणि पहिल्या आठवड्यात घोडं अडतं ते तिथेच.

मी पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये फ्रेंच शिकले, पुढे लिआँला राहिले. तिथे नवीनच आलेल्या आपल्याकडच्या एका मुलाबरोबर बेकरीत गेले होते. आत शिरताच त्याने घोकून ठेवलेलं वाक्य म्हटलं, "एक बागेत द्या." बागेत म्हणजे तिथला लांब पाव. व्याकरण बिनचूक. काउंटरमागच्या बाई शांतपणे म्हणाल्या, "बाँजूर, मस्य." त्याने हसून मान हलवली आणि पुन्हा बागेत मागितला. बाईंचं पुन्हा, "बाँजूर, मस्य." त्याच्या तोंडून 'बाँजूर, मादाम' निघालं, तेव्हा कुठे पाव हातात पडला. आपला उच्चार कळत नाही, असं वाटून पोरगा हिरमुसला. उच्चार नीट कळला होता. रामराम राहून गेला होता.

पारावरच्या माणसाशी आपणही रामराम घातल्याशिवाय कामाचं बोलत नाही. फ्रान्समध्ये हीच रीत दुकानात, बसमध्ये चढताना, दवाखान्यात, इमारतीच्या जिन्यात पाळतात. नुसतं हसणं पुरत नाही, तोंडाने बोलावं लागतं.

आता उत्तरांचं. 'बाँजूर'ला 'बाँजूर', संध्याकाळी 'बाँस्वार'ला 'बाँस्वार'. 'बॉन न्युई' झोपायला जातानाच म्हणतात. त्याच माणसाला त्याच दिवशी पुन्हा बाँजूर घालत नाहीत.

'सा व्हा?' हे आपल्या 'काय, बरंय ना?'सारखं. तिथे तब्येतीचं पुराण लावू नये. 'सा व्हा, मेर्सी' म्हणावं आणि उलट विचारावं. मित्राला 'ए त्वा?', प्राध्यापकांना, घरमालकिणीला, अनोळखी माणसाला 'ए व्हू?'. तू आणि तुम्ही हा भेद मराठी माणसाच्या अंगवळणी असतो. तो तिथेही सांभाळावा. समोरच्याने स्वतः सुचवेपर्यंत 'व्हू' सोडू नये.

दुकानातून निघताना 'बॉन जुर्ने', म्हणजे 'दिवस छान जावो', असं ऐकू येईल. त्याला 'मेर्सी, व्हू ओसी', म्हणजे 'आभार, तुमचाही', असं म्हणावं.

जेवायला बोलावलं असेल तर आणखी जपावं. वाढताना नुसतं 'मेर्सी' म्हटलं की बरेचदा 'नको' असा अर्थ घेतात, आणि आपल्यासारखा आग्रह होत नाही. भांडं पुढे जातं. हवं असेल तर 'वुई, आव्हेक प्लेझिर', म्हणजे 'हो, आनंदाने', असं म्हणावं.

निघण्याआधी ही उत्तरं घरात मोठ्याने म्हणून जिभेवर बसवा. व्याकरणाच्या चुका फ्रेंच माणसं सहसा पोटात घालतात. न दिलेलं 'बाँजूर' त्यांच्या लक्षात राहतं.