खेकड्याची वाढ : कवच, कात आणि परिपक्वता

मृगाचा पहिला दमदार पाऊस झाला की नागपूर जिल्ह्यातील रामटेक, मौदा, पारशिवनी या धानपट्ट्यात बांध्यांच्या धुऱ्यांवर खेकडे दिसू लागतात. उन्हाळाभर बिळाच्या तळाशी, ओल धरून बसलेला हा प्राणी पाण्याच्या चाहुलीसरशी बाहेर पडतो. शेतकऱ्याला तो धुरे पोखरणारा म्हणून ठाऊक आहे आणि गृहिणीला रश्श्यासाठी. २०१९ च्या जुलैमध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील तिवरे धरण फुटले, तेव्हा कारणांच्या चर्चेतही त्याचे नाव आले होते. एवढी प्रसिद्धी लाभूनही तो वाढतो कसा, याविषयी मात्र सामान्यतः फारशी माहिती नसते.

दख्खनच्या या बिळे करणाऱ्या खेकड्याची शास्त्रीय नोंद जुनी आहे. मुंबई इलाख्याच्या सेवेत सांख्यिकीचे काम केलेले कर्नल साइक्स यांचे त्याविषयीचे टिपण १८३६ साली प्रसिद्ध झाले. त्या जातीला मिळालेले क्युनिक्युलॅरिस हे नावच बिळाशी नाते सांगणारे आहे. पुढे औरंगाबादच्या तत्कालीन मराठवाडा विद्यापीठात याच जातीच्या शरीरक्रियांचा व संप्रेरकांचा विस्ताराने अभ्यास झाला.

गाय, माणूस किंवा मासा यांचा सांगाडा आत असतो व तो देहाबरोबर वाढतो. खेकड्याचा सांगाडा बाहेर असतो. कायटिन व चुना यांचे ते कवच एकदा टणक झाले की तसूभरही वाढत नाही. म्हणून खेकडा जुने कवच टाकून देतो व नव्या कवचात मोठा होतो. या क्रियेस निर्मोचन म्हणतात. बोलीत त्याला कात टाकणे म्हणता येईल. त्याची वाढ रोपट्यासारखी रोज थोडीथोडी दिसत नाही, ती पायरीपायरीने होते.

कात टाकण्याची तयारी आधीपासूनच सुरू असते. जुन्या कवचातील काही चुना शरीरात शोषला जातो व त्याखाली नवे, मऊ, सुरकुतलेले कवच तयार होते. मग पाठीचे कवच मागील कडेशी उकलते आणि खेकडा मागच्या मागे त्यातून बाहेर सरकतो. पाय, नांग्या, डोळ्यांवरील आवरण, कल्ल्यांचे आवरण, एवढेच नव्हे तर जठराचे अस्तरही जुन्या कवचाबरोबर जाते. मागे उरते ते हुबेहूब दुसऱ्या खेकड्यासारखे दिसते. बाहेर आलेला खेकडा भराभर पाणी शोषून फुगतो व त्या आकारावर नवे कवच हळूहळू कठीण होते. तोवर त्याला ना चावता येते, ना लढता येते. बीळ हेच त्याचे संरक्षण असते. टाकलेले कवच तो पुष्कळदा खाऊनही टाकतो, म्हणजे चुना वाया जात नाही.

तुटलेली नांगीही कात टाकतानाच परत मिळते. प्रथम ती लहान असते, पुढच्या खेपांना मोठी होत जाते. नुकतीच कात टाकलेला खेकडा आत पोकळ, पाणचट लागतो, कारण फुगलेल्या कवचात मांस अजून भरलेले नसते. कोकणात अमावास्येचा खेकडा भरलेला मानतात. पण कात टाकून किती दिवस झाले हे अधिक महत्त्वाचे. खाडीतील असे पोकळ खेकडे काही आठवडे खाद्य देऊन भरवण्याचा व्यवसायही चालतो.

या क्रियेचे नियंत्रण मोठे विलक्षण आहे. डोळ्यांच्या देठांतील ग्रंथी कात लांबवणारे संप्रेरक सोडतात. त्याचा पुरवठा कमी झाला की दुसऱ्या ग्रंथींतून कात घडवणारे संप्रेरक वाढते. पिल्ले वारंवार कात टाकतात, प्रौढांमध्ये हे अंतर वाढत जाते. कवचच टाकून दिले जात असल्याने माशाच्या खवल्यांवरून वय काढतात तसे खेकड्याचे काढता येत नाही.

लैंगिक परिपक्वता हीसुद्धा कात टाकण्याशी जोडलेली आहे. खेकडा उलटा केला की पोटाखाली दुमडलेली एक पट्टी दिसते. नराची पट्टी अरुंद व निमुळती असते. मादीची पट्टी वयात येतानाच्या कातेनंतर रुंद, गोलसर होते व तिच्याखालील केसाळ उपांगांना पुढे अंडी चिकटतात. अंडी असेपर्यंत मादी कात टाकू शकत नाही, कारण कवचाबरोबर अंडीही जातील. साहजिकच मादीची वाढ त्या काळात थांबते.

खाडीतील मोठी चिंबोरी एका वेळी दहा लाखांहून अधिक अंडी देऊ शकते; त्यांतून निघालेले सूक्ष्म डिंभ समुद्रात दूरवर पसरतात. नागपूरपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. येथील गोड्या पाण्याच्या खेकड्याला डिंभावस्थाच नाही. अंडी मोठी पण मोजकी असतात, त्यांतून थेट इवलेसे खेकडे निघतात व काही काळ आईच्या पोटपट्टीखालीच राहतात. एखाद्या ओढ्यातील किंवा बोडीतील खेकडे संपले, तर ते भरून काढायला समुद्रातून कोणी येणार नाही. पावसाळ्यात पट्टी फुगलेली एक मादी टोपलीत गेली, तर तिच्याबरोबर तिची सारी पिढीही जाते.

कीटकही कात टाकूनच वाढतात. म्हणूनच डायफ्लुबेन्झुरॉनसारखी, कायटिन बनू न देणारी कीटकनाशके खेकड्यालाही घातक ठरतात. बांधीतले फवारलेले पाणी ओढ्यात उतरले, तर त्यातले खेकडे त्या दिवशी मरतीलच असे नाही. ते पुढची कात टाकताना मरतात, आणि तोवर फवारणी कोणाच्या लक्षातही राहिलेली नसते.