बांधावरचें तेल आणि इंजिनाचें जळण

गेल्या वीस-बावीस वर्षांत शेतकऱ्यांच्या कानांवर आलेल्या योजनांत मोगली एरंडाइतकी आशा क्वचितच दुसऱ्या कशानें दाखविली असेल. २००३ सालीं नियोजन मंडळाच्या समितीनें या झाडाची शिफारस केली, आणि पडीक जमिनींत लावा, पाणी नको, खत नको, बीं विका, त्यावर मोटारी चालतील, असें जो तो सांगूं लागला. २००९ च्या सरकारी धोरणांत २०१७ पर्यंत डीझेलमध्यें वीस टक्के मिश्रण करण्याचें उद्दिष्ट होतें. तें एक टक्क्यापर्यंतही पोंचलें नाहीं. पुष्कळ लागवडी मध्येंच सोडून द्याव्या लागल्या. त्यावरून बायोडीझेल हा पदार्थच फसवा, असें मात्र कोणीं समजूं नये. जळण चांगलें आहे. चुकली ती झाडाची व जमिनीची निवड. तेव्हां या दोन गोष्टी वेगळ्या करून पाहणें जरूर आहे.

डीझेल इंजिनास वनस्पतींचें तेल परकें नाहीं. १९०० सालीं पॅरिसच्या प्रदर्शनांत एक लहान डीझेल इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखविलें होतें, व तें इतकें सुरळीत चाललें कीं जळण बदललें आहे हें थोड्यांच्याच ध्यानांत आलें. अडचण आहे ती तेलाच्या दाटपणाची. वनस्पतींचें तेल खनिज डीझेलच्या सुमारें दसपट दाट असतें. त्यामुळें नोझलांतून बारीक तुषार न उडतां जाड थेंब पडतात, ते अर्धवट जळतात, काजळी धरते, आणि कांहीं तेल खालीं वंगणांत उतरून तें घट्ट करतें. कांहीं तास इंजिन चालतें. हंगामभर चालविल्यास मात्र तें दुरुस्तीस काढावें लागतें. ज्यांस कच्चें करंजेल ट्रॅक्टरच्या टाकींत ओतण्याचा मोह होतो, त्यांनीं हें लक्षांत ठेवावें.

यावरील तोड १९३७ सालीं बेल्जममध्यें पेटंट झाली, व पुढच्याच वर्षीं ब्रुसेल्स आणि लूव्हें या शहरांदरम्यान तेलताडाच्या तेलापासून केलेल्या अशा जळणावर प्रवासी बस धांवली. कृति थोडक्यांत अशी: शंभर किलो तेलास सुमारें दहा-अकरा किलो मेथिल अल्कोहोल लागतें; कॉस्टिक सोड्यासारख्या क्षाराच्या साहाय्यानें सुमारें ६० अंश उष्णतेवर तीं घुसळलीं म्हणजे जवळजवळ शंभर किलो बायोडीझेल वर येतें व दहा किलोच्या आसपास ग्लिसरीन तळाशीं बसतें. तेल जुनें, खवट किंवा ओलसर असल्यास मात्र साबण होऊन सारा माल फुकट जातो; म्हणून करंजासारख्या तेलास आधीं आम्लाचा संस्कार द्यावा लागतो. हें काम घरीं करण्यासारखें नाहीं. मेथिल अल्कोहोल विषारी आहे, आणि त्याची ज्वाला दिवसाउजेडीं दिसतसुद्धां नाहीं.

अशा रीतीनें झालेलें जळण इंजिनांत फारसा फेरफार न करतां डीझेलमध्यें मिसळतां येतें. त्यांत गंधक जवळजवळ नसतें, आणि अंगचा प्राणवायु असल्यानें तें अधिक पूर्ण जळतें. अमेरिकेच्या पर्यावरण खात्यानें २००२ सालीं मोठ्या वाहनांच्या इंजिनांवरील प्रयोगांचा आढावा घेतला. त्यांत शुद्ध बायोडीझेलवर धुरांतील काजळीचे कण सुमारें ४७ टक्के व कार्बन मोनॉक्साइड सुमारें ४८ टक्के कमी आढळले. नत्राचीं ऑक्साइडें मात्र सुमारें १० टक्के वाढलीं. तें १३० अंशांच्या खालीं सहसा पेट घेत नाहीं, म्हणून सांठवणीस डीझेलपेक्षां निर्धोक. लिटरमागें शक्ति आठ-नऊ टक्के कमी मिळते, हेंही सांगितलें पाहिजे.

खनिज तेल जळलें कीं कोट्यवधि वर्षें भूमींत पुरलेला कर्ब हवेंत जातो. बियांतल्या तेलाचा कर्ब झाडानें नुकताच हवेंतून घेतलेला असतो. परंतु पेरणी, खत, वाहतूक यांस जळण लागतेंच. १९९८ च्या अमेरिकन हिशेबाप्रमाणें सोयाबीनच्या बायोडीझेलांत खर्चलेल्या खनिज शक्तीच्या सुमारें तिपटीहून थोडी अधिक शक्ति पदरांत पडते. हा नफा जमिनीवर अवलंबून आहे. इंडोनेशियानें २०२३ पासून डीझेलमध्यें ३५ टक्के मिश्रण सक्तीचें केलें. तें तेलताडाच्या तेलाचें असून त्या लागवडीसाठीं तेथील जंगल पुष्कळ तुटलें आहे. आपल्या देशांत तर खाद्यतेलाची निम्म्याहून अधिक गरज परदेशच्या तेलावर भागते. भुईमूग-करडईची जमीन इंजिनास देणें आपणांस परवडणार नाहीं.

मग उरतें काय? मोगली एरंड पडीक जमिनींत जगतो हें खरें, पण जगणें निराळें आणि फळणें निराळें. पाण्याखताविना त्याचें उत्पन्न अंदाजाच्या पासंगासही पुरलें नाहीं, आणि पेंड विषारी असल्यानें जनावरांस घालतां येत नाहीं. त्याहून करंज बरा. तो आपल्या ओढ्याकांठचाच, शेंगवर्गीय, म्हणजे नत्र धरणारा. त्याची पेंड खतास चांगली. कर्नाटकांत हासन जिल्ह्यांतील मडेनूर येथें बेंगळूरच्या कृषि विद्यापीठानें २००७ पासून याच मार्गानें बांधावरच्या करंज, कडुनिंब वगैरे झाडांचें काम चालविलें.

हिशेब मात्र डोळे उघडे ठेवून करावा. वाढलेल्या झाडामागें दहा किलो बीं धरलें व घाण्यावर चौथा हिस्सा तेल निघालें, तर वीस झाडांचें तेल पन्नास किलो, म्हणजे पंचावन्न लिटरच्या आंतच. तासाला पांच लिटर घेणारा ट्रॅक्टर त्यावर अकरा तास चालेल. एवढ्यासाठीं पिकाची जमीन अडविणें वेडेपणाचें. ओढ्याचा कांठ, विहिरीचें आवार, रस्त्याची कड यांस मात्र तें शोभतें. उत्तरेच्या बांधावर झाडें लावण्यापूर्वीं शेजाऱ्यास विचारावें, कारण सावली त्याच्या पिकावर पडते आणि भांडण आपल्या दारीं येतें.

दुसरें साधन शहरांत आहे. तळणींत वारंवार वापरलेलें तेल २०१८ च्या नियमाप्रमाणें ठराविक मर्यादेपुढें खाण्यास वापरतां येत नाहीं. २०१९ पासून सरकारी तेल कंपन्यांनीं त्यापासून केलेलें बायोडीझेल घेण्याची योजना काढली. त्यास जमीन लागतच नाहीं.

विकत घेतांना भारतीय मानक १५६०७ प्रमाणें माल आहे कीं नाहीं हें पाहावें. जुन्या ट्रॅक्टरच्या रबरी नळ्या शुद्ध बायोडीझेलनें मऊ पडतात. टाकींतला जुना गाळही सुटून येतो, म्हणून आरंभीं फिल्टर एक-दोनदां बदलावा लागतो. हें जळण हवेंतलें पाणी ओढतें व कालांतरानें खवट होतें. पावसाळ्यापूर्वीं भरून दिवाळीनंतर काढण्याची संवय येथें उपयोगी नाहीं.