एट्रियल फिब्रिलेशनचे नवे निदान : रुग्णाची दिनचर्या आणि वैद्याचे कर्तव्य

नाडीपरीक्षा हा आपल्या व्यवसायाचा नित्यपाठ आहे. त्यामुळे ज्या विकाराचे पहिले चिन्ह बहुधा नाडीवरच उमटते, त्याची शंका वैद्याला सर्वांआधी यावी, ही अपेक्षा वावगी ठरू नये. एट्रियल फिब्रिलेशन हा असा विकार होय. हृद्रोगतज्ज्ञाकडून निदान झाल्यानंतरही पुष्कळ रुग्ण आपल्याकडे येतात. 'आता जन्मभर गोळ्याच का? आयुर्वेदात यावर काही नाही का?' हा त्यांचा प्रश्न असतो. त्याचे उत्तर देताना कोणती सावधगिरी बाळगावी, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

विकृतीचे स्वरूप

प्राकृत अवस्थेत हृदयाच्या उजव्या कर्णिकेतील गतिकेंद्रातून संवेदना निघते व कर्णिका आणि जवनिका क्रमाने आकुंचन पावतात. या विकारात कर्णिकांमध्ये मिनिटाला सुमारे ३५० ते ६०० असंबद्ध विद्युत्-संवेदना उमटतात. कर्णिका आकुंचन न पावता केवळ थरथरते. यांतील काहीच संवेदना जवनिकांपर्यंत पोचतात व त्याही अनियमित अंतराने. म्हणून नाडी पूर्णतः विषम लागते. थॉमस लुईस यांनी १९०९ साली ईसीजीच्या साहाय्याने या विषम नाडीचा संबंध कर्णिकेच्या कंपनाशी जोडून दाखविला. ईसीजीवर 'पी' तरंगांचा अभाव व 'आर' तरंगांतील असमान अंतर ही निदानाची खूण होय.

उच्च रक्तदाब, स्थौल्य, मधुमेह, मद्यपान, अवटु ग्रंथीची अतिक्रियता, निद्रेतील श्वसनावरोध व वार्धक्य ही प्रमुख कारणे आहेत. आपल्या देशात आमवातज ज्वरानंतर उद्भवणारा द्विदल झडपेचा संकोच हे कारण आजही विसरून चालणार नाही.

नाडी व ग्रंथोक्त विचार

विषम नाडी आढळल्यास पूर्ण एक मिनिट मोजावी. पंधरा सेकंदांची गणना चौपट करण्याची सवय येथे फसवी ठरते. त्याच वेळी श्रवणयंत्राने हृदयाचे ठोके मोजावेत. हृदयाचे ठोके नाडीपेक्षा अधिक भरल्यास शंका बळावते. अशा रुग्णास त्याच दिवशी ईसीजीसाठी पाठवावे.

शार्ङ्गधरसंहितेच्या पूर्वखंडात थांबत थांबत चालणारी नाडी प्राणनाशक मानली आहे. हे वचन स्मरून रुग्णाजवळ वा नातेवाइकांजवळ अरिष्टाची भाषा करणे सर्वथा टाळावे. योग्य चिकित्सा मिळालेले या विकाराचे रुग्ण दीर्घकाळ क्रियाशील जीवन जगतात. नव्या निदानाने भेदरलेल्या मनावर वैद्याच्या एका शब्दाचा परिणाम औषधाइतकाच होतो.

चरकाचार्यांनी वातज हृद्रोगाच्या लक्षणांत वेपथु व शून्यता यांचा, तर हेतूंमध्ये शोक, उपवास, अतिव्यायाम व रूक्ष-अल्प भोजन यांचा उल्लेख केला आहे. हृदयस्थ व्यानवायूची दुष्टी या दृष्टीने चिकित्सेची दिशा ठरविता येते. तथापि ग्रंथोक्त वातज हृद्रोग म्हणजेच एट्रियल फिब्रिलेशन, असे समीकरण मांडण्याचा आग्रह नसावा.

खरा धोका : पक्षाघात

धडधड हे रुग्णाला जाणवणारे लक्षण आहे. परंतु जीविताला व स्वावलंबनाला खरा धोका पक्षाघाताचा आहे. थरथरणाऱ्या डाव्या कर्णिकेच्या उपांगात रक्त साचून गुठळी होते व ती मेंदूकडे जाऊ शकते. या रुग्णांत पक्षाघाताची शक्यता सुमारे पाचपट असते. रक्तगुठळीविरोधी औषधाने ती सुमारे दोनतृतीयांशाने घटते. केवळ ॲस्पिरिनने हे कार्य समाधानकारकपणे होत नाही.

कोणास हे औषध हवे, हे गुणांकाने ठरते. हृदयविफलता, उच्च रक्तदाब, मधुमेह, रक्तवाहिन्यांचा विकार व ६५ ते ७४ वय यांस प्रत्येकी एक, तर ७५ किंवा अधिक वय आणि पूर्वीचा पक्षाघात यांस प्रत्येकी दोन गुण दिले जातात. स्त्रीत्वासाठी पूर्वी दिला जाणारा एक गुण २०२४ सालच्या युरोपीय मार्गदर्शनात वगळण्यात आला. त्या मार्गदर्शनानुसार दोन किंवा अधिक गुण असता हे औषध द्यावे, एक गुण असता त्याचा विचार करावा. द्विदल झडपेचा मध्यम वा तीव्र संकोच असल्यास मात्र गुण न मोजताच वॉरफरिनवर्गीय औषध आवश्यक ठरते.

आमच्या चिकित्सालयात आलेल्या ६४ वर्षांच्या एका निवृत्त शिक्षकांचे उदाहरण बोधप्रद आहे. रक्तदाब व मधुमेह पूर्वीपासूनचे. एट्रियल फिब्रिलेशनचे निदान होऊन तीन आठवडे झाले होते. गती नियंत्रणाच्या औषधाने धडधड थांबली होती. 'आता बरे वाटते, तर रक्त पातळ करणारी गोळी बंद करून अर्जुनाचा काढा सुरू करावा का?' असे त्यांनी विचारले. गोळी धडधडीसाठी नसून गुठळीसाठी आहे, आणि लय सुधारली तरी त्यांचे दोन गुण तसेच राहतात, हे आम्ही त्यांना समजावून दिले. अर्जुन हृद्य खरा. परंतु तो या विकारात पक्षाघात टाळतो, असा पुरावा नाही. संधिशूलासाठी ते परस्पर घेत असलेल्या वेदनाशामक गोळ्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढत होता. त्या त्यांच्या हृद्रोगतज्ज्ञांच्या संमतीने थांबवून जानूवर लेप व मृदु स्वेदाची योजना केली. आयुर्वेदाचे साहाय्य येथे नेमके उपयोगी पडले.

आपल्या औषधांविषयी सावधानता

१. लसूण, गुग्गुळ, हरिद्रा व आर्द्रक स्वयंपाकातील प्रमाणात चालतात. औषधी मात्रेत गुठळीविरोधी औषधांसोबत रक्तस्रावाची शक्यता वाढवू शकतात.
२. पिप्पली व मरिच यांतील पायपरीन अन्य औषधांचे शोषण व चयापचय बदलते. त्रिकटुयुक्त कल्पांचा दीर्घकाळ प्रयोग विचारपूर्वक करावा.
३. यष्टिमधुच्या दीर्घ सेवनाने शरीरातील पोटॅशियम घटते. मूत्रल औषधे वा डिगॉक्सिन घेणाऱ्यांत हे घातक ठरू शकते.
४. वत्सनाभयुक्त त्रिभुवनकीर्ती, आनंदभैरव यांसारखे रस, धत्तूरयुक्त कनकासव व सोमकल्प (एफेड्रा) या रुग्णांत टाळावेत. ही द्रव्ये हृदयगतीवर प्रत्यक्ष परिणाम करतात.
५. जलौका व सिरावेध गुठळीविरोधी औषध सुरू असता करू नयेत. वमन-विरेचनाने जल व क्षार घटून लय बिघडते. तीव्र शोधन टाळावे. अभ्यंग हलक्या हाताने करावा.

आपण दिलेल्या प्रत्येक औषधाची यादी रुग्णाजवळ लिहून द्यावी व ती हृद्रोगतज्ज्ञास दाखविण्यास सांगावे. कोणतीही आधुनिक गोळी परस्पर बंद करू नये.

पथ्यापथ्य

वॉरफरिन वा ॲसेनोकुमारॉल घेणाऱ्यांनी पालक, मेथी, कोथिंबीर पूर्णपणे सोडण्याचे कारण नाही. प्रमाण रोज सारखे असावे, म्हणजे आयएनआर स्थिर राहतो. तो बहुधा २ ते ३ दरम्यान ठेवतात. रिव्हारोक्सबॅनची १५ वा २० मिलिग्रॅमची गोळी अन्नासोबतच घ्यावयाची असते. म्हणून एकादशीस वा नवरात्रात निरंकार उपवास करू नये. उपवासाच्या पदार्थांसोबत गोळी घ्यावी. एकाही दिवसाचा खंड पडू देऊ नये.

मद्य वर्ज्य करावे. नियमित मद्यपान करणाऱ्यांनी ते सोडल्यास विकाराचे पुनरावर्तन घटते, हे २०२० साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील चाचणीत दिसले आहे. आसव-अरिष्टांतही मद्यांश असतो, याचे भान ठेवावे. स्थूल रुग्णांत लेखन आहार व नित्य चंक्रमण महत्त्वाचे. २०१५ साली ॲडलेडमधील अभ्यासात दहा टक्के वा अधिक वजन घटविलेल्यांत लय टिकण्याचे प्रमाण लक्षणीय वाढले. घोरणे व दिवसा झापड असल्यास निद्रापरीक्षण करून घ्यावे. योगाभ्यासाविषयी २०१३ साली कॅन्सस येथील ४९ रुग्णांच्या छोट्या अभ्यासात लक्षणांची वारंवारता व चिंता घटलेली आढळली. सौम्य आसने व अनुलोम-विलोम द्यावेत. कुंभक व कपालभाती टाळणे श्रेयस्कर.

आत्ययिक लक्षणे

तोंड वाकडे होणे, एका हाताचे बळ जाणे, बोलणे अडखळणे यांपैकी काहीही घडल्यास वैद्याची वाट न पाहता मेंदूविकाराची सोय असलेल्या रुग्णालयात तत्काळ न्यावे. गुठळी विरघळविण्याच्या उपचारास साडेचार तासांची मर्यादा आहे. कोणती गोळी केव्हा घेतली, हे तेथे प्रथम सांगावे. काळे शौच, थांबत नसलेला घोळणा, डोक्यास मार, मूर्च्छा व छातीतील वेदना यांसाठीही हाच नियम. ही सूचना घरातील दोन व्यक्तींना तरी समजावून द्यावी आणि औषधांच्या यादीच्या मागे मोठ्या अक्षरांत लिहून द्यावी.