काळ्या पट्टीवरचा ओरखडा

गेल्या स्नेहसंमेलनासाठी मी मामांचा जुना अ‍ॅम्प्लिफायर मागून आणला होता. टेम्पोतून उतरवताना तो लोखंडी खुर्चीला घासला आणि दर्शनी काळ्या पट्टीवर बोटभर लांबीचा पांढरा ओरखडा उठला. वरच्या झाकणावरही एक रेघ. आवाज होता तसाच होता, पण मामांना तोंड कसे दाखवावे? त्या निमित्ताने जे शिकलो ते येथे मांडतो.

काळे ते सगळे एकाच जातीचे नसते. प्रथम लोहचुंबक लावून पाहावा. झाकणाला तो चिकटला, म्हणजे ते पोलादी पत्र्याचे, वरून रंग दिलेले. दर्शनी पट्टीला चिकटला नाही, ती अ‍ॅल्युमिनिअमची. अशा पट्टीवरचा काळेपणा बहुधा वरून फासलेला नसतो. पट्टी आम्लाच्या द्रावणात धनाग्र म्हणून ठेवून वीज सोडली, की धातूवरच ऑक्साइडचा कठीण, सूक्ष्म छिद्रांचा थर तयार होतो. त्या छिद्रांत काळे रंजकद्रव्य मुरवतात आणि मग उकळत्या पाण्यात छिद्रे मिटवतात. हेच अ‍ॅनोडायझिंग. ओरखडा या थरापार गेला की आतला पांढरा धातू उघडा पडतो, आणि तेवढ्याच जागी तो थर घरी पुन्हा चढवता येत नाही. तेव्हा येथे दुरुस्ती म्हणजे खरे पाहता झाकाझाकच!

एका मित्राने उत्साहाने मार्कर फिरवला. दिव्याखाली रेघ चक्क जांभळी दिसू लागली. ती स्पिरिटने हलक्या हाताने पुसली; थिनर मुद्दामच टाळला, कारण बटणांखालची छापील अक्षरे त्याने निघून जातात. पॉलिशपेपरही नको. ओरखड्याभोवतीचा चांगला थर त्याने खरवडला जातो आणि रेघेच्या जागी पांढरा डाग पडतो.

अखेर मॅट काळा एनॅमल आणला. आधी टाकाऊ पत्र्यावर लावून पाहिला. काळा रंग जुळतो, चकाकी जुळणे कठीण. मग दात कोरण्याच्या काडीच्या टोकाने फक्त खाचेत भरला, बाहेर आलेला लगेच टिपला, आणि दुसऱ्या दिवशी आणखी एक पातळ हात दिला.

झाकणाचे दुखणे निराळे. पोलाद उघडे राहिले तर पावसाळ्यात गंज धरते, म्हणून तेथे रंगाआधी प्रायमर हवा. झाकण मात्र जाणत्याकडून काढून घ्यावे. प्लग काढल्यावरही आतील कपॅसिटरमध्ये विद्युत्भार उरू शकतो, आणि घासताना पडणारी धातूची पूड सर्किटवर पडणे धोक्याचे.

समोरून पाहता आता काही कळत नाही. तिरक्या उजेडात कळते. मामांना मी आपणहून सांगितले. त्यांनी चष्मा लावून पट्टी न्याहाळली, अ‍ॅम्प्लिफायर फिरवला आणि मागल्या बाजूचा स्वतःच्या हातचा जुना ओरखडा दाखवून विचारले, “डबीत रंग उरलाय का रे?”