धूसर प्रतिमेतून पेशीचे अंतरंग

फळमाशीच्या अळीतील लाळग्रंथींच्या पेशींमध्ये गुणसूत्रे इतकी जाड असतात, की ती साध्या सूक्ष्मदर्शकातूनही दिसतात. ती नीट पाहता यावीत म्हणून पेशी काचपट्टीवर दाबून चपटी करण्याची रीत होती. त्यामुळे गुणसूत्रांवरील पट्टे स्पष्ट होत. परंतु पेशीकेंद्रात ती कशी गुंडाळलेली होती, ही माहिती त्याच दाबाखाली नाहीशी होई.

पेशी अखंड ठेवावी, तर अडचण निराळी. भिंग एका पातळीवर रोखले, तरी वरच्या-खालच्या थरांतील प्रकाश त्याच चित्रात मिसळतो. शिवाय प्रकाश तरंगरूप असल्याने बिंदूची प्रतिमा बिंदू राहत नाही. सुमारे अर्ध्या तरंगलांबीहून जवळचे बिंदू वेगळे दिसत नाहीत, ही मर्यादा अर्न्स्ट आबे यांनी १८७३ मध्ये सांगितली. खोलीच्या दिशेने हा पसारा दोन-तीन पटींनी अधिक असतो.

१९८३ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात डेव्हिड ॲगार्ड व जॉन सेडाट यांनी निरनिराळ्या पातळ्यांवरील चित्रे घेतली, संगणकाच्या साहाय्याने त्यांतील परका प्रकाश वजा केला आणि अखंड पेशीकेंद्रातील गुणसूत्रांचा मार्ग रेखाटला.

यामागील कल्पना साधी आहे. एका मायक्रॉनच्या दहाव्या भागाएवढा चमकणारा मणी भिंगातून कसा पसरट दिसतो, हे आधी मोजतात. मग मूळ वस्तूचा एक अंदाज धरून तो गणिताने तसाच धूसर करतात, प्रत्यक्ष चित्राशी ताडतात, सुधारतात आणि पुन्हा ताडतात. रिचर्डसन (१९७२) व ल्युसी (१९७४) यांची या प्रकारची रीत खगोलशास्त्रज्ञांनीही वापरली. हबल दुर्बिणीच्या आरशातील दोष १९९० मध्ये उघड झाला, तेव्हा दुरुस्ती होईपर्यंत तिचा आधार घेतला गेला.

या विषयात पीएच.डी. करणाऱ्यांची खरी कसोटी पुढेच लागते. प्रकाश अपुरा असेल, तर अधिक फेऱ्यांनी चित्र रेखीव होत जाते खरे. पण चुकार ठिपकेही तितकेच रेखीव होतात, आणि पेशीत नसलेले कण तेथे दिसू लागतात! खोलीच्या दिशेची काही माहिती तर भिंगातून येतच नाही. ती जागा भरली जाते केवळ गृहीतकांनी. म्हणून नवी पद्धत प्रथम ज्यांचे केवळ बाह्य कवच रंगविलेले आहे, अशा मण्यांवर चालवितात. त्या कवचाच्या कडा सहज सुधारतात. माथा व तळ मात्र बहुधा ताणलेले किंवा फिकटच राहतात.